ऑपरेशनची जोखीम मोजलीत, थांबण्याची मोजली का?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका आईंचं पत्र आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा २७ वर्षांचा, बी. फार्म. झालेला, वडिलांच्या मेडिकलच्या दुकानात बसतो. दीड वर्षाचा असताना तापात बराच वेळ आकडी आली होती. अकराव्या वर्षी फिट्स सुरू झाल्या, त्या आजतागायत आहेत. महिन्यातून चार-पाच वेळा तो एकदम थिजतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो, शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतो. दोन मिनिटांनी भानावर येतो, मधलं काही आठवत नाही. वर्षातून दोन-तीनदा मोठी फिट येते, तीही बहुतेकदा झोपेत. आजवर चार औषधं झाली, सध्या तीन चालू आहेत. दुकानाचा माल आणायला तो ॲक्टिव्हावरून जातो. एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबमधल्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागातल्या) हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाला, ‘स्क्लेरोसिस’ (पेशी झडून आलेला कडकपणा) निघालं, व्हिडिओ ईईजीतही (मेंदूच्या विद्युत लहरींची चित्रीकरणासह नोंद) फिट तिथूनच उठताना दिसली. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आहे, फिट्स थांबण्याची शक्यता शंभरात साठ-सत्तर सांगितली आहे. वडिलांचा विरोध आहे. त्यांच्या आतेभावाचं असंच डोक्याचं ऑपरेशन झालं आणि पाच वर्षांनी फिट्स परत आल्या. ते म्हणतात, ‘दहा वर्षांनी निम्म्यांना परत येतातच, मग कवटी उघडायची कशाला? एखादी नवी गोळी निघेल.’ त्यातच एक स्थळ सांगून आलं आहे, आणि नातेवाइकांचं मत ‘आधी लग्न उरका, आजाराचं बोलू नका’ असं आहे. आई लिहितात : ‘सध्या तरी बरं चाललंय. धडधाकट मुलाच्या मेंदूला हात लावून आयुष्यभराचं नुकसान करून घ्यायचं का? आणि काहीच केलं नाही तर?’

उत्तर :

ताई, पत्रातली दोन पानं ऑपरेशनच्या भीतीची आहेत. ‘काहीच केलं नाही तर?’ या प्रश्नाला मात्र एकच ओळ मिळाली आणि तिच्याखाली लगेच सही. मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते.

त्याआधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. अपस्माराच्या, म्हणजे या फिट्सच्या आजाराच्या, ऑपरेशनआधी आणि नंतर रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या आणि भाषेच्या चाचण्या घेणं हे माझं काम. त्यामुळे पुढचं सगळं त्या खुर्चीतून लिहिलेलं आहे. औषधाचा डोस आणि एमआरआयची फिल्म हा माझा प्रांत नाही.

‘बरं चाललंय’ म्हणजे काय ते बघू. महिन्याला चार-पाच म्हणजे वर्षाला पन्नास-साठ वेळा तुमचा मुलगा भान हरपतो. शिवाय दोन-तीन मोठ्या फिट्स. सोळा वर्षांत घराला याची इतकी सवय झाली आहे, की जे महिन्याभरात नवीन घडत नाही ते बरं वाटायला लागतं. त्यात तुमचा दोष नाही, सवय झाल्याशिवाय असे दिवस काढता येत नाहीत. पण ऑपरेशनच्या बाजूची प्रत्येक जोखीम तुम्ही ठळक लिहिलीत आणि न करण्याच्या बाजूला शून्य धरलंत. तिथं शून्य नाही.

अपस्मार असलेल्या माणसाला कधीकधी अचानक मृत्यू येतो, बहुधा रात्री, मोठ्या फिटनंतर. डॉक्टर त्याला ‘सुडेप’ म्हणतात आणि आपल्याकडे ओपीडीत हा विषय सहसा काढला जात नाही. प्रौढ रुग्णांत सरसकट पाहिलं तर हे प्रमाण वर्षाला हजारात साधारण एक आहे. पण त्या हजारांत फिट्स पूर्ण आटोक्यात असलेलेही येतात. औषधांना दाद न देणाऱ्या, ऑपरेशनसाठी तपासल्या जाणाऱ्या रुग्णांमध्ये ते कित्येक पटींनी वाढतं, काही पाहण्यांत वर्षाला हजारात नऊपर्यंत गेलेलं आहे. मोठ्या फिट्स जितक्या जास्त, तितका धोका जास्त. रात्री खोलीत एकटं झोपणाऱ्याला आणखी जास्त.

हे वाचून आज रात्री तुम्हाला झोप लागणार नाही, याची मला कल्पना आहे. हजारातल्या नऊशे नव्वदांना त्या वर्षात असं काही होत नाही, हेही सोबत वाचा. पण तुलना करायची तर दोन्ही आकडे समोर हवेत. २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनच्या आसपास दगावणाऱ्यांचं प्रमाण त्यात हजारात चार निघालं. हे चार एकदाच मोजायचे. सुडेपचा आकडा दरवर्षी नव्याने मोजायचा, आणि तुमचा मुलगा २७ वर्षांचा आहे.

आता नव्या गोळीचं. यजमान स्वतः औषधाच्या व्यवसायात आहेत, त्यामुळे त्यांना हे पटकन पटेल असं वाटतं. ग्लासगोमध्ये पहिल्यांदाच औषध सुरू केलेल्या ४७० रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधाने ४७ टक्क्यांच्या फिट्स थांबल्या. दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या. तिसऱ्याने किंवा औषधांच्या जोड्यांनी जेमतेम ४ टक्क्यांच्या. त्यानंतर लेव्हेटिरासिटाम आलं, लॅकोसामाइड आलं, ब्रिव्हारासिटाम आलं, तुमच्याच दुकानाच्या फळ्यांवर ही सगळी असतील. या गोळ्यांचे दुष्परिणाम कमी झाले, गरोदरपणात निवड सोपी झाली. पण साधारण तिघांतला एक रुग्ण औषधांना दाद देत नाही, हे चित्र फारसं हललेलं नाही. दोन योग्य औषधं योग्य मात्रेत देऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर ‘औषधाला दाद न देणारा अपस्मार’ म्हणायचं आणि पुढच्या तपासण्या सुरू करायच्या, असं आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० सालीच सांगून ठेवलं आहे. तुमचा मुलगा चौथ्यावर आहे. पाचवं देऊन बघायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर आणखी दहा वर्षं काढू नयेत. मोठ्या माणसांत या ऑपरेशनपर्यंत पोहोचेतो सरासरी वीसेक वर्षं गेलेली असतात. ती बहुतेक ‘एखादी नवी गोळी निघेल’ यातच गेलेली असतात.

‘दहा वर्षांनी निम्म्यांना परत येतात’ हे यजमानांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, कारण ते खरं आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलने ऑपरेशन झालेल्या ६१५ प्रौढांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तो अभ्यास २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑपरेशनपासून पाच वर्षं भान हरपणारी एकही फिट न आलेले ५२ टक्के होते, दहा वर्षं एकही न आलेले ४७ टक्के. भान न हरपता येणारी छोटी फिट, म्हणजे पोटातून काहीतरी वर येतंय अशी दोन सेकंदांची जाणीव, त्यात धरलेली नाही.

आता हेच आकडे जरा जवळून बघा. पाचव्या वर्षी ५२, दहाव्या वर्षी ४७. म्हणजे जे घसरतात ते बहुतेक पहिल्या काही वर्षांतच घसरतात. पाच वर्षं कोरडी गेली, तर पुढची पाचही तशी जाण्याची शक्यता चांगली असते. दुसरी गोष्ट, उरलेल्या ५३ टक्क्यांत दहा वर्षांत एकच फिट आलेला माणूसही बसतो, गोळी चुकवल्यामुळे आलेलाही बसतो आणि ज्याला काहीच फरक पडला नाही तोही बसतो. वर्षाला पन्नास फिट्सच्या जागी दोन येणं म्हणजे ‘परत आल्या’ हे आकड्याच्या भाषेत बरोबर आहे, घरात राहणाऱ्याला ते तसं वाटत नाही. आणि तिसरी गोष्ट : ४७ ची तुलना शंभराशी करायची नसते, ऑपरेशन न केलेल्यांशी करायची असते. कॅनडातल्या लंडन शहरात, हे वेगळं लंडन, ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्म्यांना टेम्पोरल लोबचं ऑपरेशन, निम्म्यांना एक वर्ष फक्त औषधं. २००१ साली निकाल आले. वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिट्स थांबलेले ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के, औषधांच्या गटात ८ टक्के.

आपल्याकडचाही एक अभ्यास आहे आणि तो जगभर वाचला गेला. दिल्लीच्या एम्समध्ये औषधाला दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. वर्षानंतर फिट्स थांबलेली मुलं ऑपरेशनच्या गटात ७७ टक्के, दुसऱ्या गटात ७ टक्के. तुम्ही इंटरनेटवर शोधाल तेव्हा याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या १५ मुलांना एका बाजूला लुळेपणा आला असंही वाचाल आणि हबकाल. म्हणून आधीच सांगते. त्या गटात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची आणि मोठी ऑपरेशनंही होती, अर्धा मेंदू उरलेल्या मेंदूपासून तोडण्यापर्यंतची. मेंदूचा जो भाग काढला, त्यावरून हा लुळेपणा आधीच अपेक्षित होता. तुमच्या मुलाला सुचवलेलं ऑपरेशन त्या जातीचं नाही.

आतेभावांचं नेमकं काय झालं, हे यासाठीच विचारून घ्या. मेंदूचा कुठला भाग होता? एमआरआयमध्ये काही दिसलं होतं, की एमआरआय साफ होता? गाठ होती का? टेम्पोरल लोबच्या बाहेरून उठणाऱ्या किंवा एमआरआयमध्ये काहीच न दिसणाऱ्या अपस्मारात ऑपरेशनचा निकाल बराच कमी असतो. तुमच्या मुलाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. एकाच बाजूला स्पष्ट डाग, ईईजी त्याच जागेकडे बोट दाखवणारा, आणि लहानपणी तापातली लांबलेली आकडी. ही तिन्ही एकत्र आली की सर्जन मंडळी मनातून खूश होतात. मोठ्या फिट्स येत असणं ही थोडी उणी बाजू. डॉक्टरांनी सांगितलेले साठ-सत्तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांचे असावेत, ते त्यांनाच विचारा. म्हणजे त्यांचा आकडा आणि यजमानांचा आकडा एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

जोखमींमध्ये जंतुसंसर्ग, रक्तस्राव, काही दिवस दुहेरी दिसणं, जबडा दुखणं या नेहमीच्या गोष्टी सर्जन सांगतीलच. टिकून राहणारा गंभीर मज्जासंस्थेचा त्रास, सगळ्या प्रकारची अपस्माराची ऑपरेशनं धरली, तर २०१३ च्याच आढाव्यात शंभरात पाचाच्या आत होता. डाव्या बाजूच्या ऑपरेशनात दृष्टीच्या तारेचा एक वळसा वाटेत येतो, त्यामुळे उजवीकडे वरच्या कोपऱ्यातलं दिसणं कमी होऊ शकतं. पुष्कळांना ते तपासणी होईपर्यंत कळतही नाही.

मला जास्त वेळ घालवायचा आहे तो स्मरणशक्तीवर, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत खरा प्रश्न तो आहे, आणि पत्रात तो नाही.

उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. ऐकलेले शब्द, निरोप, नावं साठवण्याचं कामही डावा हिप्पोकॅम्पस करतो. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर डाव्या टेम्पोरल ऑपरेशननंतर शंभरातल्या ४४ जणांची शब्दांची स्मृती आधीपेक्षा कमी होते, उजव्या बाजूला हेच २० जणांचं होतं. वस्तूंची नावं आठवण्यात डाव्या बाजूच्या शंभरातल्या ३४ जणांना अडचण वाढते. मी चाचणीत पंधरा शब्द वाचून दाखवते, माठ, शिडी, आवळा, पोस्टमन असे. पाच वेळा तीच यादी, आणि अर्ध्या तासाने विचारते, किती आठवतात. मग चित्रं दाखवते. अडकित्त्याचं चित्र पुढे केलं की माणूस म्हणतो, ‘अहो ते... सुपारी कातरायचं... आमच्या आजीकडे पितळी होतं.’ वस्तू ओळखलेली असते, ती कशासाठी ते माहीत असतं, आजीही आठवते. नाव येत नाही. मी ‘अड’ म्हटलं की लगेच येतं.

हे मेडिकलच्या काउंटरवर कसं दिसेल? गिऱ्हाइक नेहमीची बीपीची गोळी मागेल. तुमच्या मुलाला ती कुठल्या खणात आहे, पट्टीचा रंग कोणता, सगळं माहीत असेल, नाव जिभेवर अडकेल. चिठ्ठी समोर असेल तर अडचण नाही. संगणकावर पहिली तीन अक्षरं टाकली की यादी येते. पण फोनवर तोंडी सांगितलेली ऑर्डर न लिहिता ठेवली तर घोळ होईल. बुद्धी कमी होत नाही, हिशेब जात नाही, गाव आणि माणसं विसरत नाहीत. तरी ज्याचं पोट नावांवर आहे, त्याच्या दृष्टीने हे किरकोळ नाही, आणि ‘थोडासा विसराळूपणा येईल’ असं सांगून बोळवण करू नये.

पण इथंही दुसरी बाजू आहे. खराब झालेला हिप्पोकॅम्पस आजही पुरतं काम करत नसतो. ऑपरेशनआधीच्या चाचणीत शब्दांची स्मृती मुळातच कमजोर निघाली, तर गमावण्यासारखं कमी असतं. ती उत्तम निघाली, तर धोका जास्त, आणि मग टीमने थांबून पुन्हा विचार करायला हवा. म्हणून ही चाचणी झाल्याशिवाय होय किंवा नाही काहीच म्हणू नका. पत्रात एमआरआय आणि ईईजी आहे, तिचा उल्लेख नाही.

शिवाय ऑपरेशन न करता स्मरणशक्ती जपून राहते, हेही गृहीतच आहे. जर्मनीत बॉनमध्ये टेम्पोरल अपस्माराच्या रुग्णांचा दोन ते दहा वर्षं पाठपुरावा झाला, २००३ साली तो छापून आला. ऑपरेशन झालेल्यांपैकी ६० टक्क्यांची स्मृती घसरली होती, आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५० टक्क्यांची. फिट्स चालू राहिल्या की त्याही स्मृती खातात. ज्यांच्या फिट्स ऑपरेशनने थांबल्या, त्यांची पुढे काही प्रमाणात भरूनही आली. सगळ्यात वाईट अवस्था डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊनही फिट्स चालूच राहिलेल्यांची. हा शेवटचा गट लहान असला तरी असतो. टीमला थेट विचारा : माझा मुलगा त्या गटात जाण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते?

कुणीतरी तुम्हाला हेन्री मोलेसनची गोष्ट सांगेल. १९५३ साली अमेरिकेत फिट्ससाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हे भाग काढले, आणि पुढची पंचावन्न वर्षं, २००८ साली मरेपर्यंत, त्याला नवी गोष्ट लक्षात ठेवता आली नाही. ती खरी आहे. त्याच अनुभवामुळे आज दोन्ही बाजूंना हात लावत नाहीत, आणि एका बाजूला लावण्याआधी दुसरी बाजू भार उचलू शकेल का ते तपासतात.

आता जे लिहायचं ते जरा जपून लिहिते. तुमच्या पत्रात यजमानांचं मत आहे, नणंदेचं आहे, दोन डॉक्टरांचं आहे, तुमचं आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. तो फार्मासिस्ट आहे, आपल्या गोळ्यांची रसायनं त्याला पाठ असतील. नावं अडखळली तर त्याची अडखळणार आहेत, आणि रात्रीची फिट आली तर ओठ त्याचा फुटणार आहे. तो गप्प बसत असेल तर गप्प बसणं म्हणजे नकार समजू नका, आणि होकारही समजू नका. सोळा वर्षं प्रत्येक ओपीडीत आईवडिलांनी उत्तरं दिली की मुलाला बोलायची सवयच राहत नाही. पुढच्या भेटीत अर्धा वेळ तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसा. डॉक्टरांना तसं आधी सांगून ठेवा, ते आनंदाने मान्य करतील.

लग्नाचं मात्र मी स्पष्टच सांगते, लपवू नका. अपस्मार आहे म्हणून विवाह रद्द करता येण्याची तरतूद १९९९ साली कायद्यातून काढून टाकली गेली, म्हणजे अपस्मार असलेल्याला सन्मानाने लग्न करता येतं. पण महत्त्वाची गोष्ट दडवून लग्न लावलं, तर फसवणुकीच्या मुद्द्यावर ते रद्द करून मागता येतं. कोर्टाचं सोडा. रात्रीची मोठी फिट पहिल्यांदा बघणारी ती मुलगी असेल, शेजारी, अंधारात, आणि तिला काहीच सांगितलेलं नसेल. तिने घाबरून दातांत चमचा घातला तर? लग्नासाठी म्हणून घाईने ऑपरेशन उरकणंही तितकंच चुकीचं. पुण्यात ‘संवेदना’ नावाचा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आधारगट आहे, अशा गटांत लग्नाच्या प्रश्नावर मोकळेपणाने बोलता येतं.

ॲक्टिव्हा आज बंद. याला ऑपरेशनचा निर्णय लागत नाही. लायसन्सच्या अर्जासोबतच्या प्रकृतीच्या घोषणापत्रात फिट्सचा प्रश्न थेट विचारलेला असतो, आणि तुमच्या मुलाला भान हरपणाऱ्या फिट्स येतात. दोन मिनिटं हँडलवर भान नसणारा माणूस रस्त्यावर दुसऱ्याचंही पोर मारू शकतो. माल पोहोचवायला माणूस ठेवा.

समजा, ऑपरेशन करायचं ठरलं. तर काही अपेक्षा आत्ताच खाली आणा. गोळ्या लगेच सुटत नाहीत. साधारण एक-दोन वर्षं फिट न आल्यावर डॉक्टर हळूहळू कमी करायचा विचार करतात, आणि क्वीन स्क्वेअरच्या त्या ६१५ जणांच्या अभ्यासात फिट्स थांबलेल्यांपैकी २८ टक्क्यांच्याच गोळ्या पूर्ण बंद झालेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात फिट आली तर ‘गेलं सगळं’ म्हणून रडारड करू नका, सूज उतरेपर्यंत ती येऊ शकते, निकाल तिच्यावरून ठरत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत मन खाली जाणं नेहमीचं आहे. उदासी, चिडचिड, कारण नसताना रडू. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची गाठ ऑपरेशनच्या आधीच घ्या.

आणि एक विचित्र वाटेल असं. फिट्स थांबल्यावर घरात भांडणं वाढलेली मी बरीच पाहिली आहेत. मेलबर्नच्या संशोधकांनी याचा खास अभ्यास केला आहे. सोळा वर्षं जो ‘आजारी’ होता, त्याला एकदम ‘आता तुला काय धाड भरली आहे?’ असं विचारलं जातं. वडिलांना वाटतं, उद्यापासून याने सकाळी आठला शटर उघडावं. त्याला वाटतं, शनिवारी रात्री एकट्याने कोल्हापूरला जावं. आणि आई अजून बाथरूमच्या दाराशी उभी, आत बादली पडल्याचा आवाज येतो का ऐकत. तुमचं ते उभं राहणं कसं सुटायचं, याचाही विचार करायला हवा ताई, कारण फिट्स थांबल्या म्हणून ते आपोआप सुटत नाही. मी आईंना सांगते, तुमच्यासाठी म्हणून संध्याकाळची एखादी गोष्ट आत्तापासूनच सुरू करा. भजनी मंडळ, चालणं, काहीही, जिथं तो बरोबर नसेल.

तिसरा काही मार्ग आहे का, तर आहे, पण तुमच्या मुलासाठी तो पहिला नाही. मानेतल्या नसेला बारीक झटके देणारं यंत्र छातीत बसवतात, त्याने बऱ्याच जणांच्या फिट्स निम्म्यावर येतात, पूर्ण थांबलेले थोडे. ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी ते ठीक. लेझरने हिप्पोकॅम्पस जाळण्याची पद्धत काही मोजक्या ठिकाणी आहे. त्यात फिट्स थांबण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडं कमी, पण नावं आठवण्याला धक्का कमी बसतो. मुलाच्या कामाचं स्वरूप सांगून हा पर्याय बसतो का, एवढं विचारायला हरकत नाही.

निर्णय होईपर्यंत घरात एवढं पाळा. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे वापरायचा आणि दवाखाना गाठायचा. स्प्रे तुमच्याच दुकानात मिळेल, तो घरात ठेवण्याविषयी आणि डोसविषयी डॉक्टरांशी बोलून घ्या. बाथरूमला आतून कडी नको. रात्री कुणीतरी हाकेच्या अंतरावर झोपावं, आणि पालथं झोपू देऊ नये.

दुसरं मत जरूर घ्या, पण अपस्माराच्या ऑपरेशनचा वेगळा विभाग असलेल्या ठिकाणीच. हे काम भारतात नवं नाही. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९५० च्या दशकातच ते सुरू केलं होतं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून त्याचा स्वतंत्र कार्यक्रम आहे, दिल्लीला एम्स, मुंबईत केईएम. जिथं जाल तिथं विचारा : याच जातीची ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात, आणि पाच वर्षांनंतरचा तुमचा स्वतःचा निकाल काय आहे? आकडा सांगायला कचरणाऱ्या ठिकाणी थांबू नका. ऑपरेशन झालेल्या दोघांशी बोलायला मिळेल का, हेही विचारा, एक फिट्स थांबलेला आणि एक न थांबलेला. दुसऱ्याशी बोलणं जास्त उपयोगी पडतं. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन तिथं बसतं का, ते तारीख घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही. व्हिडिओ ईईजीच्या क्लिप्स मागून घ्या, रुग्णालयं त्या देतात. मोबाइलवर टिपलेली एखादी फिट असेल तर तीही, आणि आजवरच्या औषधांची यादी, कोणतं किती डोसपर्यंत गेलं आणि का बंद केलं यासकट. ही यादी तुमच्या मुलाला करायला सांगा, तुमच्यापेक्षा ती त्याची चांगली होईल.